‘वलयांकित’, ‘चक्रीय’ की ‘वलयी’ अमाइने?

प्रश्न असा आहे की, सेंद्रिय रसायनशास्त्रावरील लेखाचा अनुवाद करताना नायट्रोजनयुक्त कड्यांच्या संयुगांना ‘वलयांकित’, ‘चक्रीय’ की ‘वलयी’ अमाइने (अमोनियापासून साधलेली नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगे) म्हणावे, त्यांच्या रचनेला ‘जटिल’ म्हणावे का, आणि ती घडवण्याच्या क्रियेसाठी कोणता शब्द योजावा.

‘वलयांकित’ येथे चालणार नाही. ज्याच्याभोवती वलय आहे तो वलयांकित, म्हणूनच हा शब्द प्रसिद्ध खेळाडूला किंवा नटाला शोभतो. रेणूत मात्र अणूंच्या साखळीची टोके जुळून साखळीचेच वलय होते. ‘चक्रीय’ निर्दोष आहे आणि हिंदी पाठ्यपुस्तकांत रूढही आहे, परंतु मराठी वाचकाला ‘चक्र’ म्हटले की फिरून फिरून येणारा क्रम आठवतो, आणि ‘नायट्रोजन चक्र’ तर तो शाळेतच शिकलेला असतो. आकार सांगायचा असल्यामुळे ‘वलयी’ हाच शब्द मला योग्य वाटतो.

तेवढ्याने काम भागत नाही. सायक्लोहेक्झिलअमाइनमध्ये वलय सहा कार्बनांचे असून नायट्रोजन त्याच्या बाहेर जोडलेला असतो, तर पिपरिडीनमध्ये पाच कार्बन आणि एक नायट्रोजन मिळून वलय बनते. रसायनशास्त्रज्ञांना बहुधा दुसरा प्रकार अभिप्रेत असतो, म्हणून ‘ज्यांच्या वलयातच नायट्रोजन आहे अशी अमाइने’ हे स्पष्टीकरण पहिल्या उल्लेखाच्या वेळी अवश्य द्यावे. ‘विषमवलयी’ (वलयात कार्बनखेरीज अन्य अणूही असलेली) ही संज्ञा त्याऐवजी पुरत नाही, कारण वलयात ऑक्सिजन किंवा गंधक असलेली संयुगेही तिच्यात येतात.

‘जटिल’ऐवजी ‘गुंतागुंतीच्या रचनेची’ म्हणावे. ही गुंतागुंत कशी असते ते ट्रोपिनोनवरून कळते. धोतऱ्यातील ॲट्रोपीन या विषारी द्रव्याशी नाते असलेल्या या रेणूत सात कार्बनांच्या वलयावर नायट्रोजन टोपलीच्या कडीसारखा आडवा बसतो, त्यामुळे एक पाच आणि एक सहा अणूंचे अशी दोन नायट्रोजनयुक्त वलये तयार होतात. त्याला ‘सेतुबद्ध द्विवलयी अमाइन’ म्हणता येईल. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर यांनी 1901 मध्ये सायक्लोहेप्टॅनोनपासून, म्हणजे तयार वलयापासून, अनेक पायऱ्यांनी त्याचे संश्लेषण केले. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी 1917 मध्ये सक्सिनाल्डिहाइड, मिथिलअमाइन आणि ॲसिटोनडायकार्बॉक्सिलिक आम्लाचा क्षार ही वलयरहित द्रव्ये एकत्र आणून एकाच भांड्यात दोन्ही वलये साधली, हे मला आजही विलक्षण वाटते.

म्हणून संपूर्ण रेणू घडवण्याला ‘संश्लेषण’ आणि त्यातील वलय जुळण्याच्या टप्प्याला ‘वलयीकरण’ म्हणावे. 1911 च्या पिक्टेट–स्पेंग्लर विक्रियेत अमाइन व अल्डिहाइड यांच्या संयोगातून झालेला धनप्रभारित मध्यस्थ (विक्रियेच्या मधल्या टप्प्यावर तयार होणारा अल्पजीवी रेणू) आपल्यातीलच ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारख्या, वलयाशी जोडला जातो आणि शेजारी नवे नायट्रोजनयुक्त वलय तयार होते. तेथे ‘वलयीकरण’ अचूक बसते. विलस्टेटर यांच्या मार्गात कार्बनांचे वलय आधीपासूनच असल्यामुळे तो शब्द केवळ नायट्रोजनाचा सेतू बांधणाऱ्या टप्प्यालाच लावावा.