जुन्या मोटरहोममध्ये (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) पलंगावरच्या कोपऱ्यात ओल येते, पण गळती कुठून होतेय ते सापडत नाही. काय करावं?

आधी पाणी पावसाचं की नळाचं ते ठरवा. सगळे नळ बंद ठेवून पंप चालू करा. तो थांबून थांबून आपोआप सुरू होत असेल, तर बहुधा पाइप किंवा जोड गळतोय.

पंप गप्प राहिला तर छताकडे वळा. डाग दिसतो तिथेच भोक असेल असं मुळीच धरू नका. पाणी आतल्या लाकडी पट्टीवरून वाहत बरंच लांब जाऊन टपकतं. एकाने बाहेरून पाइपने हळूहळू पाणी सोडावं, खालून वर, एका वेळी एकच जागा: खिडकी, कोपऱ्याची पट्टी, टपावरचे छोटे दिवे, शिडीचे बोल्ट, शेवटी छताचा व्हेंट (हवा खेळण्याचा झरोका). दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसावं. प्रेशर वॉशर नको, तो धडधाकट जोडातूनही पाणी आत घुसवतो.

जागा सापडली की वरून सिलिकॉन फासू नका, कळकळीने सांगतो. रबरी छतावर ते नीट धरत नाही आणि पुढची दुरुस्तीही अवघड करून ठेवतं. पट्टी काढा, जुना सीलंट पूर्ण खरवडा, खाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून पट्टी परत कसा आणि स्क्रूच्या डोक्यांवर छताला चालणारा लॅप सीलंट (जोडांवर वरून घालायचा सीलंट) घाला. पट्टी परत कसण्याआधी आतल्या लाकडात पेचकस टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर तेवढा तुकडा बदलायलाच हवा.