शिक्षकांना प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शिकवायला कोण शिकवते, आणि कधी?

आपण विचारले आहे की शिक्षकांना प्रशिक्षण नेमके कसे मिळते आणि वर्गातील प्रत्येक मुलाची गरज ओळखून शिकवण्याची पद्धत बदलणे त्या प्रशिक्षणात शिकवले जाते का. आपली मुलगी दुसरीत आहे, ती संख्या उलट्या लिहिते आणि बाई "मी सर्वांना सारखेच शिकवते" असे म्हणतात, हेही आपण लिहिले आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये गेली २२ वर्षे शिकवत आहे. माझे उत्तर असे, की ही गोष्ट अभ्यासक्रमात असते आणि परीक्षेत तिच्यावर प्रश्नही येतो, पण ती हातात येते नोकरी लागल्यानंतर, आणि तीही कोणी दाखवून दिली तर.

आधी प्रशिक्षणाची रीत सांगते. पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका असते. आमच्या वेळी तिला डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. पदवीनंतरचे बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते, ते २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेत जाऊन काम करण्याचा काळ, म्हणजे आंतरवासिता, वाढवण्यात आली. महाराष्ट्रात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा घेतली जाते, तिच्यापाठोपाठ भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र या सरकारी भरती पोर्टलवरील निवड आली. नियुक्तीनंतर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. मी लागले तेव्हा ते मानधन महिना ३,००० रुपये होते, २०२३ मध्ये ते प्राथमिकसाठी १६,००० झाले.

डी.एड.ला असताना आम्ही सूक्ष्म अध्यापन करत असू. एक कौशल्य घ्यायचे, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन, आणि पाच-सात मिनिटांचा पाठ आपल्याच सोबत्यांपुढे घ्यायचा. वर्गमैत्रिणी मुले होऊन बसत आणि त्या सर्वांना सर्व उत्तरे येत, त्यामुळे एखाद्या मुलाला उत्तर आले नाही तर काय करायचे हा प्रसंगच कधी उद्भवत नसे. पुढे शहरातील शाळांमध्ये सरावपाठ सुरू झाले. आदल्या रात्री पाठाचे टाचण, म्हणजे लेखी आराखडा, काढायचे, त्यात उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, प्रस्तावना, हेतुकथन असे रकाने भरायचे, सकाळी तक्ते गुंडाळून शाळा गाठायची. मागच्या बाकावर बसलेल्या अध्यापिका निरीक्षणवहीत लिहीत: "आवाज खणखणीत. फलकलेखन सुवाच्य. वेळेचे नियोजन सुधारावे." या शेऱ्यांचा मला उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची माझी सवय त्यांच्यामुळेच मोडली. मात्र दोन वर्षांत माझ्या एकाही पाठाच्या निरीक्षणात, तिसऱ्या रांगेतील अमुक मुलाला ते समजले नाही आणि का समजले नाही, असे वाक्य आलेले मला आठवत नाही. सगळे निरीक्षण माझे होत होते, मुलांचे कोणीच करत नव्हते.

माझी पहिली शाळा गडहिंग्लज तालुक्याच्या पूर्व भागात, सीमेलगतच्या एका गावात होती. चार वर्ग आणि आम्ही दोन शिक्षक. निम्म्या मुलांच्या घरात कानडी बोलली जाई. दुसरीच्या वर्गात मी संख्यांचे श्रुतलेखन घेत असे. एक मुलगी 'पंचवीस' म्हटले की ५२ लिहायची, 'त्रेचाळीस' म्हटले की ३४. मी तिला पाढे आणि उजळणी घोकायला लावली, चुकलेली प्रत्येक संख्या दहा-दहा वेळा लिहायला लावली. तिने निमूटपणे सगळे लिहिले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ५२ लिहिले. मी तिच्या नावापुढे 'संख्यालेखनात कच्ची' असा शेरा मारून मोकळी झाले.

त्या वर्षी आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, शाळेला भेट द्यायला आले. त्यांनी शाळेचे दप्तर तपासले नाही, टाचणही मागितले नाही. ते मुलांमध्ये मांडी घालून बसले आणि त्यांनी तिची वही चाळली. मग मला विचारले, "बाई, हिनं बावन्नच का लिहिलं असेल? अठ्ठावन्न का नाही, सतरा का नाही?" मला उत्तर देता आले नाही. ते म्हणाले, "तिला मोजायला लावा आणि ऐका."

मी तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवला आणि मोजून किती आहेत ते लिहायला सांगितले. ती पुटपुटत मोजू लागली आणि शेवटी कानडीत "इप्पत्तैदु" म्हणून थांबली. पाटीवर तिने लिहिले होते २५, अगदी बरोबर. कानडीत इप्पत्तु म्हणजे वीस आणि ऐदु म्हणजे पाच. आधी दशक, मग एकक, आणि लिहितानाही तोच क्रम. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. ती मुलगी जसे ऐकत होती तसेच डावीकडून उजवीकडे लिहीत होती. तिला संख्या येत होती. मराठी संख्यानामांचा क्रम लेखनाच्या उलटा चालतो, एवढीच गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती, आणि जन्मभर मराठी बोलणाऱ्या मला ती कधी जाणवलीही नव्हती.

त्याच वर्गात अस्सल मराठी घरातला एक मुलगा 'एकोणतीस' म्हटले की ३९ लिहीत असे. त्याचा शेराही तोच होता, 'संख्यालेखनात कच्चा'. पण त्याचे पंचवीस कधी चुकत नव्हते. त्याला नावात 'तीस' ऐकू येत होते आणि एकोणिसात नऊ असतात हे पाठ होते, म्हणून त्याने तीन आणि नऊ जोडले होते. तिसाला एक ऊन हा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. म्हणजे एकाच शेऱ्याखाली दोन निराळी दुखणी होती आणि मी दोघांनाही एकच औषध देत होते.

मुलीसाठी मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले आणि संख्या सांगताना आधी "दोन दशक, पाच सुटे" आणि मग "पंचवीस" असे म्हणू लागले. कानडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत मोजायची मोकळीक दिली. मराठी मुले आधी हसली, महिन्याभरात तीही कानडीत मोजू लागली. मला मात्र शंभरपर्यंतची कानडी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून शिकावी लागली, आणि माझ्या उच्चारांवर त्या पोट धरून हसत. मुलासमोर तीस काड्यांचे तीन गठ्ठे ठेवले, एक काडी काढून घेतली आणि उरलेल्या मोजायला लावल्या. चार-पाच दिवसांत त्याचे एकोणचाळीस आणि एकोणपन्नासही सुधारले. मुलीला अधिक वेळ लागला, दिवाळीपर्यंत तरी ती अधूनमधून अडखळत असे.

पुढे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले. त्या वेळी केवढा गदारोळ झाला, हे आपल्याला आठवत असेल. चर्चा विधिमंडळापर्यंत गेली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांना संख्यानामे जड जातात हे शांतपणे समजावून सांगत होत्या आणि बहुतेकांना त्यात केवळ विनोद दिसत होता. मला ती मुलगी आठवत होती.

आता कायद्याकडे वळते, कारण "सर्वांना सारखेच शिकवते" या वाक्याचे उत्तर तेथे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखणे आणि त्यानुसार गरज असेल तर जादा शिकवणे हे त्यांतील एक आहे. याचा अर्थ, मुलाप्रमाणे शिकवणे बदलणे ही शिक्षकाची मर्जी नाही. तोच कायदा प्राथमिक वर्गांत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक सांगतो, पण हे प्रमाण संख्येपुरते असते. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे तर पट वीसच असला तरी एका वेळी दोन इयत्तांपुढे उभे राहावे लागते.

सेवेत असताना आम्हाला प्रशिक्षणे पुष्कळ मिळतात. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था असते, जिला आम्ही सगळे डाएट म्हणतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला ५० तासांचे व्यावसायिक विकासाचे काम करणे अपेक्षित आहे. सरकारच्या दीक्षा ॲपवर 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्स पूर्ण करून आम्ही प्रमाणपत्रेही मिळवली. अडचण अशी, की मोठी प्रशिक्षणे राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून केंद्राला उतरत येतात. तोवर प्रशिक्षण देणाऱ्या सुलभकाच्या हातात स्लाइडा उरतात आणि त्यांच्यामागचा अनुभव वरच राहून गेलेला असतो. मग दिवसभर चर्चेचे गुऱ्हाळ चालते, आणि आमच्या भागातील खऱ्या गुऱ्हाळात निदान शेवटी गूळ तरी मिळतो.

मला ज्यांचा खरोखर फायदा झाला त्या केंद्राच्या शिक्षण परिषदा, म्हणजे जवळपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठका, आणि त्याही सगळ्या नाहीत. एका केंद्रात आम्ही ठरवले की परिषदेला येताना प्रत्येकाने मुलांच्या तीन वह्या आणायच्या, ज्यांत एकच चूक वारंवार झाली आहे. वह्या मध्ये ठेवायच्या आणि "या मुलाच्या डोक्यात काय चालले असेल" एवढ्यावरच बोलायचे. तेथे एका गुरुजींनी हातच्याची वजाबाकी चुकणाऱ्या मुलांच्या वह्या आणल्या. मुले ५२ वजा २८ करताना आठातून दोन काढून सहा लिहीत होती, कारण 'मोठ्यातून लहान वजा करा' हा गुरुजींचाच नियम ती इमानाने पाळत होती. गुरुजी स्वतःच हसले. अशी बैठक दोन तासांची असते आणि तिला ना स्लाइडा लागतात ना प्रमाणपत्र.

आपल्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. अध्यापक विद्यालये शाळांपासून तुटलेली आहेत आणि हे तुटलेपण दूर केले पाहिजे, असे त्या आयोगाने तेव्हाच लिहून ठेवले आहे. आता आंतरवासितेसाठी आमच्या शाळेत येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात शिकवू देत नाही. त्यांना प्रत्येकी दोन मुले वाटून देते आणि फक्त त्यांच्या वह्या, बोलणे आणि मोजणे पाहायला सांगते. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो, कारण त्यांच्या फाइलीत त्यासाठी रकाना नसतो.

आता आपल्या मुलीविषयी. ती सर्वच संख्या उलट्या लिहिते की केवळ ऐकून लिहिताना, हे आधी पाहावे. वस्तू मोजून लिहिलेली संख्या बरोबर येत असेल तर बहुधा वर सांगितलेलेच कारण असेल आणि काड्यांच्या गठ्ठ्यांनी काम भागेल. ती ३ किंवा ७ असा एकेक अंकच आरशातल्यासारखा लिहीत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. या वयात ते पुष्कळ मुलांकडून होते. तिसरीतही ते टिकले आणि वाचनातही अडचण दिसली, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवावे. बाईंना जाब विचारण्याच्या सुरात भेटू नये, त्यांच्यापुढे कदाचित चाळीस मुले असतील. तिने घरी लिहिलेल्या चुकलेल्या संख्या खोडरबरने पुसू देऊ नका. ती दोन-तीन पाने तशीच घेऊन जा आणि "हिने असे का लिहिले असेल, आपण दोघी मिळून पाहू या का?" एवढेच विचारा.