गेम चारदा बदलला, पोरं तीच राहिली

दिवाळी झाली की अंबाजोगाईत माझ्याकडं समुपदेशनाला लेकरं घेऊन येणाऱ्यांत आईबाप कमी आन आजी, चुलते, मामाच जास्त असतात, कारण आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी आईबापं तेव्हा मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायला कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली असतात. 2024 च्या सीझनला असेच एक काका पुतण्याला घेऊन आले (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). पोरगा बारावीला, आईबाप कोल्हापूरकडं तोडीला. काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच सुरू केलं, "मॅडम, चार वर्षं झाली, एकच गेम. क्लास लावला, सोडला. जिम लावली, पंधरा दिवसांत सोडली. हे गेम तेवढं सुटंना, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळायलाय. एवढं काय भरलंय त्याच्यात?"

पोरगा खाली बघूनच म्हणला, "एकच नाही काका, तीन झाले."

मग त्यानं सांगितलं. 2020 च्या लॉकडाऊनात आईबाप कारखान्यावरच अडकले, हा सातवीत, आजीजवळ, तेव्हा गावातल्या तीन दोस्तांबरोबर पबजी (चौघांची टोळी करून बंदुकांनी लढायचा मोबाइल गेम) सुरू झालं. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पबजी बंद केलं तर चौघं फ्री फायर ह्या तसल्याच गेमवर गेले. जुलै 2021 ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठीचा अवतार, आलं, जुना पबजीचा आयडी, कपडे, बंदुकांचे स्किन (रंगरूप) सगळं त्यात आणता येत होतं, म्हणून परत तिकडं. जुलै 2022 ला ते प्ले स्टोअरवरून गायब झालं, ज्यांच्या फोनमध्ये होतं त्यांचं चालू होतं, पण ह्यांच्यातल्या एकाचा फोन फुटला आन नव्या फोनवर गेम घेता येईना. तर बाकी तिघांनी आपला चांगला चाललेला गेम सोडला आन चौघं मिळून फ्री फायर मॅक्स (फ्री फायरचंच दुसरं रूप) खेळत बसले, पुढच्या मे महिन्यात बीजीएमआय परत येईपर्यंत!

काका गप. मीबी जरा गप्पच झाले, कारण एका दोस्तासाठी रँक सोडून देणारा हा पोरगा "कशातच टिकत नाही" म्हणून माझ्याकडं आणला होता.

आता गेममध्ये काहीतरी भरलंय असं पालकांना वाटतं ते खोटं नाही, गेमवाले माणूस धरून ठेवायला सगळं करतात, रोजचं मिशन, सीझनभर बक्षिसं देणारा रॉयल पास, ब्रॉन्झपासून कॉन्करर पर्यंतची रँकची शिडी, आन सीझन संपला की रँक खाली आणून पुन्हा चढायला लावायचं. पण हे तर शेकडो गेममध्ये असतं आन त्यातले बरेच आपण महिनाभरात डिलीट करतो. वर्षानुवर्षं टिकतं ते जिथं आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं. 2004 साली आलेलं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट अजून चालू आहे, त्यात गिल्ड म्हणून टोळ्या असतात आन मोठाले राक्षस मारायला वीस-वीस जण लागतात, एक जण आला नाही तर बाकीचे खोळंबतात. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की माणसाला तीन गोष्टी लागतात, मला काहीतरी जमतंय, माझं मी ठरवतोय आन माझी माणसं आहेत. ह्या पोराला तिन्ही एका फोनमध्ये मिळत होत्या. वर्गात काय मिळत होतं ते न विचारलेलंच बरं.

मी त्याला एका संध्याकाळी बोलावलं आन म्हणलं, खेळ माझ्यासमोर, स्पीकर चालू ठेव. एक जण चाकणच्या कंपनीतून, एक गावातल्या किराणा दुकानातून, एक साताऱ्याकडच्या कारखान्यावरून, आईबापांबरोबर गेलेला, शाळा सुटलेली. मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, कारखान्यावरचा म्हणला, "थांबा रे, गाडी भरायला आली, दादा बोलवायलेत." त्याचा माणूस गेममध्ये झाडामागं तसाच बसून राहिला. हे तिघं पुढं जाऊ शकत होते, झोन (बाहेर राहिलं की मरायला होतं तो आवळत येणारा गोल) जवळ यायला लागला होता, तरी त्याच्याभोवती थांबले, त्यातला एक नॉक झाला, म्हणजे गोळी लागून पडला, आमच्यावाल्यानं रांगत जाऊन त्याला उठवलं, आन शेवटी सगळेच मेले. चिडलं कुणीच नाही. "गेला का रे मोळ्या टाकायला?" एवढंच एक जण म्हणला.

काकांना मी बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात खेळण्यावर ताबा जाणं, बाकी सगळ्याच्या वर गेम येणं, नुकसान होऊनही न थांबणं, असं साधारण वर्षभर दिसावं लागतं. ह्याचं खाणंपिणं, बोलणं ठीक होतं, पैसे उडवले नव्हते, खोटं बोलत नव्हता, पण झोप आन अभ्यासाची वाट लागली होती, ते धरावंच लागणार. दुसरं, मॅच चालू असताना फोन हिसकायचा नाही. एक मॅच पंचवीस-तीस मिनिटांची, मधून उठला की तिघांचं वाटोळं, आन तुम्ही त्याच्या दोस्तांसमोर त्याला तोंडघशी पाडता. "ही संपली की बंद" म्हणा, ऐकतो.

रात्री नऊ ते दहा, दोन मॅच, असं ठरलं, आन पहिल्याच आठवड्यात मोडलं. चाकणवाल्याची शिफ्ट आता अकराला सुटायची हे मी विचारलंच नव्हतं, चूक माझी. मग रोज दोनच मॅच तिघांनी खेळायच्या, आन चौघं मिळून रविवारी दुपारी, त्याच्या सुट्टीला. ते चाललं. मार्क काही एकदम वाढले नाहीत, पण साडेअकराला झोपायला लागला.

फेब्रुवारीत काकांचाच फोन आला. "मॅडम, ते कारखान्यावरचं लेकरू आठ दिस झाले ऑनलाइन नाही. आमचं नीट जेवंना. मुकादमाचा नंबर हाय माझ्याकडं, लावू का?"

लावा की, म्हणलं.

फोन पाण्याच्या टिपात पडला होता, पोरगं बरं होतं.