‘क्षार’ आम्लधर्मी कसा? आणि खार, अल्क, राख यांचं गोत्र

गुहागरहून एका पालकांनी विचारलंय: मुलीच्या शाळेच्या पुस्तकात ‘क्षाराचे द्रावण आम्लधर्मी, आम्लारिधर्मी किंवा उदासीन असू शकते’ असं दिलंय. क्षार तर आम्लाच्या विरुद्ध, मग तो आम्लधर्मी कसा? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. मराठी पुस्तकातला क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी (बेस) एकमेकांना भिडल्यावर पाण्याबरोबर तयार होतो तो पदार्थ. हिंदीत त्याला लवण म्हणतात. तुमच्या मनातला क्षार आयुर्वेदातला आणि हिंदीतला आहे, दाहक, आम्लाला मारणारा. एकाच शब्दाला आपण दोन कामं लावली आहेत. परिभाषा करणाऱ्यांनी लवण हा सुटसुटीत शब्द हाताशी असताना क्षार का उचलला, हे मला आजही पटत नाही.

रसायनाचं उत्तर थोडक्यात. क्षाराचा सामू (pH, ७ म्हणजे उदासीन, खाली आम्लधर्मी, वर आम्लारिधर्मी) त्याच्या आईबापांपैकी जोरकस कोण यावर ठरतो. मिठाचे दोघेही तीव्र, म्हणून शुद्ध मिठाच्या पाण्याचा सामू ७. धुण्याच्या सोड्यात सोडियम हायड्रॉक्साइड तीव्र आणि कार्बोनिक आम्ल सौम्य. त्यातला कार्बोनेट पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो आणि सामू ११ च्या वर जातो. कल्हईवाल्याचा नवसागर (अमोनियम क्लोराइड) याच्या उलट. त्यातला अमोनियम पाण्याला हायड्रोजन आयन देतो, सामू ५ च्या आसपास येतो. तुरटी त्याहूनही आम्लधर्मी. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करा आणि ते पाणी तीन वाट्यांत घ्या. मिठाने रंग हलणार नाही, तुरटीने भडक गुलाबी होईल, धुण्याच्या सोड्याने हिरवा. मुलीला हे करून दाखवा, पुन्हा शंका येणार नाही.

खरा त्रास पुढे आहे. ‘पाण्यात क्षार जास्त, म्हणजे सामू वाढलाय’ हे वाक्य मी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं ते मिठाने, आणि मीठ सामूला हात लावत नाही. समुद्राचा सामू साधारण ८.१ आहे तोही त्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटमुळे. जमिनीचं तेच. खार जमिनीत विरघळणारं मीठ जास्त, पण सामू बहुधा ८.५ च्या आत. सामू त्याच्यावर आणि मातीला सोडियम चिकटलेलं, ती चोपण. खार जमिनीला बांध घालून भरती अडवायची आणि पावसाने मीठ धुऊन काढायचं. चोपणीला जिप्सम लागतो. शब्द चुकला तर उपाय चुकतो आणि पैसे मातीत जातात.

आता हा शब्द आला कुठून? क्षाराचाच खार झाला, आणि त्यातून खारट, खारफुटी, अलिबाग-पेणकडचा खारेपाट, लोणच्याचा खार. सुश्रुताने क्षरण आणि क्षणन अशा दोन व्युत्पत्ती दिल्या, म्हणजे सडलेलं मांस झडवतो, इजा करतो तो क्षार. काही अभ्यासक तो करपलेल्या ‘क्षाम’च्या घराण्यात बसवतात. मला दोन्ही मान्य नाहीत. हे लोक क्षाराने काय होतं ते बघतात, क्षार करायचा कसा ते बघत नाहीत. त्याच सुश्रुताची कृती वाचा: वनस्पती जाळा, राख पाण्यात कालवा, एकवीस वेळा गाळा, आटवा, तापवलेले शंख-शिंपले घाला. राखेतून जे झरतं ते क्षार! धातू सुश्रुताच्या ‘क्षरण’चाच, पण माझ्या मते इथे क्षर् म्हणजे झडवणं नव्हे, पाझरणं, इतकं सरळ आहे. राखेचं पाणी आटलं की कढईत पांढरा थर धरतो, आणि भरतीचं पाणी सुकलं की खाजणातही पांढरंच फुलतं. डोळ्यांना दोन्ही एक, म्हणून राखेचं नाव मिठाला मिळालं, असं माझं ठाम मत आहे. उलटा दाखला विदर्भात आहे. लोणार हे नाव लवणाचं, लवणासुराच्या कथेतलं, पण त्या सरोवराचा सामू १० च्या आसपास, म्हणजे पाणी चक्क सोड्याचं. नावं चवीने आणि डोळ्यांनी पडली, सामू मोजून नव्हे.

आणि ‘अल्क’, म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी! संस्कृत वाटतो म्हणून त्याला क्रियापदाचा धातू चिकटवणारे भेटतात, त्यांनी कृपा करून थांबावं. अरबीत ‘किली’ म्हणजे खाऱ्या झुडपांची भाजलेली राख. त्याला ‘अल’ हे अरबी उपपद लागून अल-किली, त्याचं अल्कली, त्याचं आपण अल्क केलं. म्हणजे उपपद सगळंच्या सगळं टिकलं आणि मूळ शब्दातला नुसता ‘क’ उरला. त्याच किलीवरून लॅटिनमध्ये ‘कालियम’ घडवला गेला, म्हणून पोटॅशियमची खूण के. खुद्द पोटॅशियम हे नाव पोटॅशवरून, म्हणजे मडक्यातल्या राखेवरून. आणि आपल्या वैद्यांचा जवखार, जवाच्या राखेतून काढलेला, तोही मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटच.