एआय, माटोळी आणि खरी जन्मतारीख

परदेशातल्या आपल्या मुलांना एआय शिकवण्याची सुरुवात खातं उघडतानाच होते. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे किमान वय 13 आहे आणि 18 पर्यंत पालकांची परवानगी लागते. मूल नऊ वर्षांचं असताना खोटी जन्मतारीख टाकून खातं काढून देऊ नका. प्रामाणिकपणाचा पहिला धडा तिथेच बिघडतो, शिवाय अल्पवयीनांसाठीची बंधनंही लागू होत नाहीत. लहान मुलांनी प्रश्न सांगावा आणि जेवणाच्या टेबलावर, त्यांना शेजारी बसवून, आईबाबांनी तो आपल्या खात्यावर विचारावा. त्याआधी सेटिंग्जमधल्या ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये जाऊन ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ बंद करा, मेमरीही (आधीच्या गप्पांतलं लक्षात ठेवण्याची सोय) बंद करा. शाळेचं नाव, पत्ता, गणवेशातला फोटो, पासपोर्ट-व्हिसाचे कागद यांतलं काहीच तिथे टाकायचं नाही.

आता अभ्यासाकडे वळू. समजा, शाळेने घरच्या सणावर प्रकल्प दिला आणि मुलाने गोव्यातल्या चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, माटोळी निवडली; माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळांची चौकट. पहिली पंधरा मिनिटं स्क्रीन बंद. जे आठवतं ते आणि तीन प्रश्न त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहावेत. मग गोव्यात, फोंड्याला किंवा म्हापशाला आजीला फोन. एआयची पाळी त्यानंतर.

हा क्रम पाळायला कारण आहे. एआय शब्दामागून शब्द अंदाजाने जुळवतं. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला, 30 मे 1987 रोजी राज्य झालं, असं ते सहसा बरोबर सांगेल, कारण त्यावर भरपूर लिहिलेलं आहे. माटोळीवर तेवढं लिहिलेलं नाही. तिथे पोकळी राहिली, की आसपासची शोभेलशी माहिती त्याच ठाम सुरात भरली जाते. माटोळीच्या चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरंजन, कांगलां अशी फळं बांधतात. एआयच्या यादीत पिकलेला हापूस दिसला, तर मुलाला एवढंच विचारा: भाद्रपदात हापूस कुठून येणार? प्रत्येक नावापुढे आजीची खूण पडल्याशिवाय ते वहीत उतरवू नये. ही तपासणी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. तिला वेळ द्या.

शेवटी प्रकल्पाखाली एक ओळ: ‘वस्तूंची नावं आजीने सांगितली, परिच्छेदांचा क्रम एआयच्या मदतीने लावला, वाक्यं माझी.’ एवढी मदत चालते का, हे वर्गशिक्षकांना आधीच विचारा. लिहून झाल्यावर मुलाला कागद न बघता दोन मिनिटं विषय सांगायला लावा. अडखळलं तर तो परिच्छेद पुन्हा त्याच्या शब्दांत लिहायचा. कच्चे कागद फेकू नका. एआयने लिहिलेलं ओळखणारी साधनं चुकतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं असं साधन जुलै 2023 मध्ये कमी अचूकतेमुळे मागे घेतलं. मुलावर उगाच आळ आला, तर हाच कागद पुढे ठेवता येतो.

आणखी एक गोष्ट, गावच्या माणसांसाठी. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून नातवाचा आवाज हुबेहूब काढता येतो. म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवा. कुलदैवताचं किंवा गावाचं नाव नको, ते फेसबुकवर सहज सापडतं. पैसे मागणारा फोन आला आणि शब्द सांगता आला नाही, तर आजीने फोन ठेवून स्वतःच्या वहीतल्या नंबरावर तुम्हाला फोन करायचा.