तीन वाचक आणि एक मोडलेली मानस

प्रश्न : मी गेली चार वर्षे कथा लिहीत आहे. दिवाडी बेटावरचे खाजन शेत, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेले शेत, सोडून लेकाकडे वास्कोला राहायला जाणाऱ्या एका म्हातारीची कथा मी नुकतीच तिघांना वाचायला दिली. माझ्या जाऊबाईंना ती ‘छान’ वाटली. फक्त म्हातारीने शेत सोडले तरी का, असे त्यांनी जेवताना सहज विचारले. निवृत्त शिक्षक असलेल्या शेजाऱ्यांनी शुद्धलेखन तपासले आणि शेवट बदलून लेकाला गावी परत आणायला सुचवले. पुण्याच्या मैत्रिणीने ‘खाजन’, ‘मानस’, ‘भाटकार’ (जमीनदार) हे शब्द काढायला सांगितले. सगळ्यांचे ऐकले तर कथा माझी राहत नाही, आणि कोणाचेच ऐकायचे नसेल तर ती वाचायला दिली कशाला? मी काय करावे?
— एक वाचक, दिवाडी

उत्तर : पत्रासोबतचा उतारा वाचल्यावर आम्हाला असे वाटते की तिघांच्या सूचना तीन दिशांच्या असल्या, तरी तिघेही एकाच ठिकाणी अडखळले आहेत. ‘त्या रात्री मानस मोडली आणि सकाळी म्हातारीने गाठोडे बांधले’ या वाक्यावर आपली कथा वळते. खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराला मानस म्हणतात, हे दिवाडीकरांना सांगायला नको. परंतु पुण्याच्या वाचकाला मानस म्हणजे मन किंवा मनातला हेतू, त्यामुळे आपल्या मैत्रिणीने म्हातारीचे मन मोडले असे समजून पुढे वाचले असावे आणि ‘मोडली’ हा मुद्रणदोष मानून सोडून दिला असावा. शेजाऱ्यांना शब्द ठाऊक असणार, तरीही शेवट त्यांना पटला नाही, कारण मानस मोडल्याने शेताचे काय होते हे उताऱ्यात कोठेच आलेले नाही. जाऊबाईंच्या ज्या प्रश्नाची आपण अभिप्रायात गणनाच केलेली दिसत नाही, तो तर थेट त्याच जागेवर बोट ठेवतो.

वाचक ‘येथे मला कळले नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्यावर वाद घालण्यासारखे काही नसते. तो ‘म्हणून असे करा’ म्हणतो, तेव्हा मात्र तो आपल्या मनातली वेगळी कथा लिहू लागलेला असतो. तेव्हा शब्द काढू नका, आणि तळटीपही देऊ नका. ऐन वळणावर वाचकाला पानाच्या तळाशी पाठवणे आम्हाला रुचत नाही. त्याऐवजी बरेच आधी म्हातारीला नातवासह बांधावर उभी करा. भरतीचे पाणी चढले की त्याच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी ती ढकलून नदीत उतरते, हे तिने त्याला एकदा दाखवले, की पुढे मानस मोडल्याचे वाचताच खारे पाणी शेतात शिरल्याचे पुणेकरालाही दिसेल. पावसाने खार धुऊन निघेपर्यंत त्या मातीत भात नीट येत नाही, एवढे एक वाक्य तिच्याच तोंडी घाला. मग काय बदलले ते न सांगता कथा पुन्हा शेजाऱ्यांना द्या. तरीही त्यांना लेक गावी परत यायला हवा असेल, तर ती त्यांची आवड समजून नम्रपणे बाजूला ठेवावी.

एक सावधगिरी. मैत्रिणीला फोनवर मानशीचा अर्थ समजावून सांगितल्याचे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते स्पष्टीकरण कथेबरोबर छापले जाणार नाही. अभिप्राय ऐकताना बचाव न करता लिहून घेणे अवघड असते, आम्हालाही ते नीट जमत नाही. शिवाय ‘कशी वाटली?’ असे विचारू नये. एका वाड्यावर राहणारी माणसे त्याला ‘छान’ याखेरीज दुसरे उत्तर देत नाहीत. कोठे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले, कोठे कथा खाली ठेवावीशी वाटली, हे विचारावे, किंवा कथा त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावी. जे गाळले जाते ते त्यांच्यापर्यंत पोचलेले नसते. मोठ्याने वाचून दाखवणेही उपयोगी पडते. जत्रेच्या नाटकाची तालीम पाहायला दारात उभी असलेली मंडळी काही बोलत नाहीत, पण प्रवेश सैल पडला की आपापसांत कुजबुजू लागतात, हे गोव्यात नाटक केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यावर तपासून घ्यावे, कारण तपासून स्वच्छ केलेले वाक्य खोडायला हात धजावत नाही.

प्रश्न : संपादक माझ्या कथा कारण न लिहिता परत पाठवतात. त्यातून मी काय समजावे?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : फारसे काही समजू नये. अंकात जागा नसणे, त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच स्वीकारलेली असणे, अशी कारणेही त्यामागे असतात, आणि प्रत्येक लेखकाला कारण कळवणे आमच्याच्यानेही होत नाही. मात्र परत आलेल्या हस्तलिखिताच्या समासात एखादी खूण किंवा एखादी ओळ लिहिलेली आढळली, तर कोणीतरी तेथे थांबून वाचले आहे असे समजावे आणि ते पान पुन्हा काढून बसावे.