माइल्ड सिगार फिकी का लागायला लागते? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

सिगारबद्दल विचारणारी बरीच पत्रं साठली होती, त्यातली एकाच धाग्यातली या वेळी घेतोय. नावं छापू नका असं बहुतेकांनीच लिहिलंय (घरच्यांना माहीत नसणार), त्यामुळे फक्त गावं देतोय.

प्रश्न : मी आयटीत आहे. दोनेक वर्षांपूर्वी कामासाठी अमेरिकेत असताना कलीगने मॅकानुडो नावाची सिगार दिली होती, फिकट तपकिरी रंगाची, एकदम मऊ धूर, फारच आवडली. महिन्यातून दोन-तीनदा तीच ओढत आलो. आता तीच पेटवली की नुसती गरम हवा तोंडात घेतल्यासारखं वाटतं. दुकानदार म्हणतो तुमची टेस्ट डेव्हलप झाली, आता निकाराग्वाच्या फुल बॉडीवर, म्हणजे जड, दाट धुराच्या सिगारवर या. खरंच जीभ तयार होते का हा महागाचा माल खपवतोय? (ठाणे)

उत्तर : दुकानदार अगदीच खोटं बोलत नाहीये, पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी निकोटिनची आहे आणि ती काउंटरवर कुणी सांगत नाही.

सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात धरून सोडायचा, तरी ती चढते. कशी चढते हे महाराष्ट्रात वेगळं समजवायला नको. तंबाखू मळताना चुना का लावतात? चुन्याने ती अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतून सरळ रक्तात जातं. सिगारच्या तंबाखूला चुना लावावा लागत नाही. ती हवेवर वाळवलेली आणि नंतर ढीग लावून महिनोन् महिने मुरवलेली असते, साखर जवळजवळ संपलेली, म्हणून तिचा धूरच मुळात अल्कधर्मी निघतो. सिगरेटची तंबाखू बहुतेक भट्टीत वाळवलेली, तिच्यात साखर राहते, धूर जरासा आम्लधर्मी असतो आणि म्हणून तो छातीत ओढल्याशिवाय सिगरेटवाल्याचं भागत नाही. मोठ्या सिगारमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम निकोटिन असू शकतं, सिगरेटमध्ये साधारण ८ ते १०. आता यातलं सगळं काही अंगात जात नाही, पण जे जातं त्याला शरीर सरावतं. सुरुवातीला डोकं जरा हलकं व्हायचं, आता होत नाही, आणि त्या हलकेपणालाच आपण इतके दिवस चव म्हणत आलेलो असतो. मग ती सिगार फिकी लागणारच.

चवीचा भागही खराच आहे पण. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढंच कळतं, बाकी लाकूड, कॉफी, मिरी, चामडं, जे काही लोक सांगत असतात ते सगळं नाकाचं काम. सरावलेला माणूस थोडासा धूर नाकावाटे सोडतो (छातीत न घेता, तोंडातून वर ढकलून), नवखा सोडत नाही. एकदा हे जमलं की माणूस धुरात काहीतरी शोधायला लागतो आणि माइल्ड सिगारमध्ये शोधण्यासारखं जरा कमी असतं. म्हणजे असतं, पण बारीक असतं.

कमी का, तर पानामुळे. तंबाखूच्या रोपाची खालची पानं म्हणजे व्होलादो, सौम्य, पण छान जळतात. मधली सेको, सुगंध मुख्यतः यांचा. वरची लिगेरो, यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं आणि तोडणी खालून वर होत जाते म्हणून झाडावर मुक्कामही सगळ्यात जास्त, त्यामुळे जाड, तेलकट आणि निकोटिनने भरलेली. निपाणीकडच्या वाचकांना हे सांगायला नको, शेंडा खुडला की झाडाचा सगळा जोर पानांत उतरतो, तिथेही तेच आणि क्युबातही तेच. तुमच्या मॅकानुडोवरचं पान कनेक्टिकट शेड (कनेक्टिकट हे अमेरिकेतलं राज्य), म्हणजे शेतावर पातळ कापडाचा मांडव घालून सावलीत वाढवलेलं, म्हणून ते इतकं तलम आणि सौम्य. इक्वेडोरमध्येही हे पान पिकवतात, तिथे ढगच इतके असतात की मांडव घालावा लागत नाही.

एक गंमत करून बघा. एखादी तडकलेली, वाया गेलेली सिगार असेल तर ब्लेडने उभी चिरा आणि वर्तमानपत्रावर पानं सुटी करा. बाहेरचं रॅपर हातात घेतलं तर उजेड आरपार दिसेल इतकं पातळ, त्याखालचं बाइंडर जरा राकट, आणि अगदी मधोमध एखादं काळपट जाड पान सापडेल, बोटाला किंचित चिकटणारं. ते बहुतेक लिगेरो. ते हळू जळतं म्हणून मधे ठेवतात, कडेला ठेवलं तर सिगार वाकडी जळते. फुल बॉडी फुल बॉडी म्हणतात त्यातला पंच मुख्यतः त्या पानाचा, आणि दोन सिगार शेजारी चिरून बघितल्या तर ते पान कुठल्या सिगारमध्ये किती आहे ते डोळ्यांनी दिसतं.

आता तुम्ही काय करायचं. उडी मारायची तर आहेच, पण त्याआधी पंधरा दिवस काहीच ओढू नका आणि मग पोट भरलेलं असताना तीच मॅकानुडो लावा. लोणी, काजू असलं काही परत जाणवलं तर जीभ जिथे होती तिथेच आहे, नुसतं निकोटिन अंगवळणी पडलं होतं. नाहीच जाणवलं तर एकदम लिगेरोने ठासलेलीवर जाऊ नका, बाहेरून कनेक्टिकट आणि आतून निकाराग्वाची तंबाखू अशा बऱ्याच निघतात त्या घ्या, मग आफ्रिकेतल्या कॅमेरूनचं रॅपर असलेली, मग हाबानो (मूळ क्युबन बियाण्याचं, जरा तिखट पान). आणि पंधरा दिवस राहवलंच नाही, तर मात्र प्रश्न टेस्टचा नाही एवढं कळलं.

प्रश्न : काळी सिगार म्हणजे स्ट्राँगच असं म्हणून मित्र पैज लावून बसलाय. खरं आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : पैज मित्र हरला. तो काळा रंग मादुरो पानाचा, जास्त वेळ आणि जास्त उष्णतेत मुरवल्याने येतो, आणि त्यात कडकपणा वाढण्यापेक्षा गोडसरपणाच येतो, कोको, कॉफी, काकवीसारखा. कनेक्टिकट ब्रॉडलीफ आणि मेक्सिकोचं सान आंद्रेस ही त्यातली मोठी नावं. बाहेरून काळीकुट्ट आणि आतून अगदी गरीब अशा सिगार असतात आणि फिकट रंगाच्या, डोकं गरगरवणाऱ्याही असतात. धूर तोंडात जड आणि दाट लागणं ही एक गोष्ट आणि निकोटिनचा दणका ही दुसरी, दोन्ही बरोबरच येतील असं नाही. दुकानात विचारताना दोन्ही वेगवेगळं विचारा.

प्रश्न : मी आणि नवरा अधूनमधून सिगार ओढतो. तो दोन वर्षांत माइल्डवरून कडक क्युबनवर गेला, मला अजून माइल्डच आवडते. त्याचे मित्र मला 'बिगिनर' म्हणतात. मी काही चुकतेय का? (पुणे)

उत्तर : अजिबात नाही, आणि त्या मित्रांना सांगा की बिगिनर म्हणायच्या आधी थोडा इतिहास वाचा.

माइल्ड पहिली, कडक शेवटची पायरी हा जिना निसर्गाने बांधलेला नाही, बाजाराने बांधलाय. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत सगळ्यात जास्त चालायची ती कांदेला, चक्क हिरव्या रंगाची सिगार, पान उष्णता देऊन झटपट वाळवायचं म्हणजे हिरवेपणा टिकतो आणि चव जवळजवळ गवतासारखी. ती ओढणारे लोक आयुष्यभर ओढणारे होते, शिकाऊ नव्हते. मग १९६२ च्या फेब्रुवारीत केनेडींनी क्युबावर व्यापारबंदी घातली (सहीच्या आधी स्वतःसाठी हजारभर पेटिट उपमन या क्युबन सिगार गोळा करायला लावल्या, हे त्यांचा प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजरनेच पुढे सांगितलंय, म्हणजे साहेब पक्के) आणि त्याच सुमारास क्युबातली सिगारवाली घराणी बियाणं आणि कसब घेऊन डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वात पांगली. नव्वदच्या दशकात सिगारची लाट आली तेव्हा दुकानं भरली ती मुख्यतः डॉमिनिकन, सौम्य मालाने. निकाराग्वावर १९८५ ते १९९० अमेरिकेचीच बंदी होती, ती उठल्यावर तिथल्या एस्तेली गावचा तिखट माल हळूहळू वर आला आणि त्याबरोबर 'आता फुल बॉडी ओढा' ही फॅशनही. तेव्हा माणसाची टेस्ट बदलली म्हणतात त्यात निम्मं शेल्फ बदललेलं असतं.

आणि क्युबन म्हणजे कडकच असंही नाही हं, नवऱ्याच्या बॉक्समध्ये बोलिव्हार किंवा पार्तागास असेल तर कडक, पण ओयो दे मोंतेर्रेय त्याच क्युबातली आणि सौम्य म्हणूनच ओळखली जाते. बरेच जुने शौकीन फिरून परत सौम्यवर येतात. तुम्ही मधली फेरी वाचवलीत.

प्रश्न : सासरे भारतातून आले होते, आयुष्यभर तंबाखू मळणारा माणूस, म्हणून कौतुकाने डबल लिगेरो दिली. अर्ध्यातच घाम फुटला, पांढरेफटक पडले, उलटी झाली. सासूबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी. असं कसं झालं? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : एकतर लिगेरो, त्यात डबल. चिमूटभर तंबाखू दाढेत धरण्याचा सराव वेगळा आणि तासभर चाललेली सिगार वेगळी. सासऱ्यांनी ती विडीसारखी भराभर ओढली असणार आणि छातीतही घेतली असणार, विडीवाल्यांचं असंच होतं, कारण विडी ओढत राहिलं नाही तर विझते. सिगारला मिनिटाला एखादा झुरका पुरे. शिवाय जळताना निकोटिन आणि डांबर मागच्या उरलेल्या भागात साठत जातं, त्यामुळे शेवटचा तिसरा हिस्सा सगळ्यात जहाल. पुढच्या वेळी असं झालं तर सिगार ठेवून द्या (चुरगाळू नका, जास्त वास सुटतो), मोकळ्या हवेत बसवा, पाणी आणि काहीतरी गोड द्या, साधारणतः थोड्या वेळात उतरतं. वयस्कर माणूस, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर वाट बघत बसू नका, डॉक्टरकडे न्या. आणि खरं तर पुढची वेळ येऊच देऊ नका. सासूबाईंचं आमच्या हातात नाही.

प्रश्न : माइल्ड ओढली तर धोका कमी ना? धूर आत तर घेतच नाही. (नाशिक)

उत्तर : नाही. माइल्ड ही चवीची आणि निकोटिनची गोष्ट झाली, धूर तोच. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस या सगळ्यांचे कॅन्सर सिगारने होतात आणि धूर आत न घेताही तोंडाला, जिभेला तो लागतोच. एखाद्या मोठ्या सिगारमध्ये पाकीटभर सिगरेटींएवढी तंबाखू असते. महिन्याची एक आठवड्याची झाली आणि आठवड्याची रोजची, आणि ती रोज आधीपेक्षा कडक लागायला लागली, तर त्याला टेस्ट म्हणून स्वतःची समजूत काढू नका. सोडायची असेल तर क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६, फोन फुकट आहे.

प्रश्न : माझी नेहमीची मीडियम सिगार जुलैपासून कडवट लागतेय आणि सारखी विझते. माझी टेस्ट माइल्डकडे परत चाललीय का? (मुंबई, दादर)

उत्तर : टेस्ट कुठे जात नाहीये, सिगार ओली झालीय. मुंबईच्या पावसाळ्यात डबा नीट बंद होत नसेल तर तंबाखू पाणी पिते, मग ती नीट जळत नाही, आपण जोरात ओढतो, ती तापते आणि कडू होते. डब्यात साधं डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा, आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी. त्याच्या वर असेल तर ६५ टक्केवालं आर्द्रतेचं पाकीट टाकून आठ-दहा दिवस हात लावू नका. पानावर पांढरं कापसासारखं काही दिसलं तर ती बुरशी, त्याला कौतुकाने 'ब्लूम' (म्हणजे सिगार छान मुरल्याची खूण) म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, फेकून द्या. आणि टाचणीएवढी गोल भोकं दिसली तर किडा लागलाय, पंचवीस अंशांच्या वर त्याची अंडी फुटायला लागतात. चांगल्या उरलेल्या सिगार झिपलॉकमध्ये घालून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. थेट फ्रीझरमधून बाहेर काढल्या तर रॅपर तडकतं.